चिखलाने भरलेले पाय
फोटो धुण्याच्या रसायनाचा आंबूस वास आला, की मला रिहे गावातला भातलावणीचा एक रविवार आठवतो. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो आणि सुट्टीच्या दिवशी जुना बॉक्स कॅमेरा घेऊन बांधाबांधाने हिंडायचो. रोजच्या जगण्यातच खरं चित्र सापडतं, असं कुठंसं वाचून मी भारावलो होतो. शाळेमागच्या खाचरात लावणी करणारी एक बाई मला पाहून वर आली. "गुरुजी, माजा येक फोटू काढा. ल्योक पलटणीत हाय, दोन वर्सं घरी आला न्हाई. त्याला धाडीन म्हंते." रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता. ती लगबगीने घरी जाऊन हिरवं लुगडं नेसून, नथ घालून आली. घाईत पाय तेवढे धुवायचे राहिले होते. जरीच्या काठाखाली घोट्यापर्यंत ओला चिखल पाहून मला मोह आवरेना. ती ताठ उभी राहून समोर बघत होती आणि मी पोटाशी धरलेला कॅमेरा हळूच खाली झुकवून नुसते पाय टिपले. पुढच्या आठवड्यात मोठ्या ऐटीत तिला फोटो दिला. तिने तो उलटून पालटून पाहिला. "आन् माजं त्वांड कुटं हाय?" माझी मान खाली गेली. नवा रोल आणतो म्हणालो, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नथ शेजारणीची व्हती, दिली परत." त्याच फोटोला पुढे पुण्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, ते तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. आजही कुणी त्या पायांचं कौतुक केलं, की मी तिचा चेहरा आठवू पाहतो, आणि तो आठवत नाही.