चुडाव्याला उतरलेलं इंजिन

आमचं ऑइल इंजिन चुडाव्याच्या स्टेशनावर उतरलं, तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता.

ते त्यांनीच मागवलं होतं. विहिरीला पाणी होतं, पण मोटेनं निघणारं पाणी थोड्याशा रानालाच पुरायचं. पूर्णेच्या एका दुकानदाराकडून गुजरातेतल्या कारखान्याचं इंजिन ठरवलं आणि ते रोज स्टेशनावर चक्कर मारायला लागले. तेव्हा आमच्याकडे छोटी लाइन होती. लांबून आलेला माल मनमाडला मोठ्या गाडीतून काढून छोट्या गाडीत भरायचे. त्यात किती दिवस जातील हे कुणालाच सांगता यायचं नाही. मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. शाळा सुटताना ते सायकलवरून येताना दिसले की मी विचारायचे, "आलं का?" ते लांबूनच 'नाही' म्हणून हात हलवायचे.

मग त्यांना कावीळ झाली. आधी गावठी औषध केलं, मग नांदेडला नेलं. शुद्ध होती तोवर ते सासऱ्यांना विचारत होते, "आबा, टेशनाकडं गेलता का?"

"जाऊन आलो," सासरे म्हणायचे. "वाटंत हाय म्हणले."

सासरे कुठंही गेले नव्हते. ते तर त्यांच्या उशाशीच बसून होते.

माती झाली, भंतेजी येऊन गेले, जलदानाचा विधी झाला. मी रडले नाही. मुलगी नुकती चालायला लागली होती. तिला पाजायचं, निजवायचं, पुढ्यात भाकरी आली तर खायची. बायका म्हणायच्या, "रडू द्या गं तिला, छातीत गोळा व्हईल." पण मला रडूच येत नव्हतं. दुःख होत होतं असंही मला खात्रीनं सांगता येणार नाही. लोक बोलायचे ते ऐकू यायचं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी बोलतायत असं वाटायचं.

अशात स्टेशनावरून निरोप आला, माल आलाय, घेऊन जा.

सासूबाई म्हणाल्या, "माघारी धाडा त्याला. मला दारात नगं."

भावकीतले एक दीर बसलेले होते. ते म्हणाले, "काका, मी घेतो की. माझ्या हिरीवर बसवतो."

सासरे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मामा, आधी बघून तर येऊ." असं का म्हटलं, ते आजही ठाऊक नाही. घरातून बाहेर पडायला मिळेल, एवढंच असावं.

सासरे आणि मी बैलगाडीनं गेलो, हाकायला शेजारचा पोरगा होता. मालधक्क्यावर लाकडी खोका होता, फटीतून गवत बाहेर आलेलं. फळीवर काळ्या रंगानं त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं, खाली चुडावा. नावावर धूळ बसली होती. सासऱ्यांनी धोतराच्या सोग्यानं ती पुसली, एकेक अक्षर करत. त्यांना वाचता येत नव्हतं.

एक हमाल म्हणाला, "ते सायकलवाले मालक कुठं हायत? रोज येऊन डोकं खायचे, आन आज न्हाईत व्हय?"

मी म्हणाले, "वारले ते."

हमालानं डोक्यावरचं मुंडासं काढलं. मग चौघा हमालांनी मिळून खोका गाडीत चढवला. मला आठवतं ते एवढंच की एकाच्या पायात वेगवेगळ्या वहाणा होत्या. मी त्याच बघत राहिले.

येताना गाडीत जागा होती, तरी सासरे बसले नाहीत. खोक्याला हात लावून मागून चालत राहिले. शिवेवर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय करायचं, माय?"

"हिरीवर बसवायचं," मी म्हटलं. "आपल्याच."

ते "बरं" म्हणाले.

पूर्णेहून मिस्त्री आला. त्यानं कट्टा बांधला, इंजिन बसवलं आणि सासऱ्यांना हँडल मारायला शिकवलं. पण त्यांच्या दंडात तेवढा जोर उरला नव्हता. मग मी पदर खोचून पुढं झाले. दोनदा हँडल उलटं आलं, तिसऱ्यांदा इंजिन लागलं. दांडातून पाणी धावलं तशी जमलेली माणसं हसायला, ओरडायला लागली. सासूबाई घराच्या दारात होत्या, इंजिनाचा आवाज ऐकून आत गेल्या म्हणे. मी रानात उभी होते. हात दुखत होता, तेवढं कळत होतं.

पुढं बरीच वर्षं शाळेच्या आधी मी इंजिन चालू करून जायचे आणि सासरे ते बंद करायचे. आमचं घर त्या पाण्यावर चाललं. मुलगी शिकली, परभणीत नोकरीला लागली. मग विजेची मोटार आली आणि इंजिनावर कडब्याच्या पेंढ्या पडल्या. सासूसासरेही गेले. त्या दोघांच्या वेळी मात्र मी भरपूर रडले.

गेल्या वर्षी पुण्याचा एक माणूस जुनी इंजिनं शोधत आला. रंग देऊन अंगणात ठेवतात म्हणाला. मी देऊन टाकलं. टेम्पो गेल्यावर मुलीनं फोनवर विचारलं, "आई, वाईट वाटायलंय का?"

मी जरा थांबले, बघितलं, काही वाटतंय का. "न्हाई," म्हटलं. मग तिनं गुडघ्याच्या गोळ्यांचं विचारलं. संपत आल्यात म्हणून सांगितलं.