फणसाखालचा समुद्र

क्लेमेंटिनाबायच्या अंगणात एक फणस आहे. बाय सत्तरीची. मी तिचा शेजारी लवू. बत्तीस वर्षं चिऱ्याच्या खाणीत हाताने चिरे काढले. आता यंत्र काढतं, मी घरी असतो.

बायचा नवरा आंतोन बोटीवर होता. रजेवर आला की फणसाखाली वेताच्या खुर्चीत मान मागे टाकून पडायचा. पानांतून खाली येणारा उजेड जमिनीवर डुलायचा. तो म्हणायचा, "समुद्राच्या तळाक असोच उजवाड आसता." मग तिथल्या माशांचे रंग सांगायचा. मी काम टाकून ऐकत उभा राहायचो. आंतोन जाऊन सहा वर्षं झाली. त्या खुर्चीत आता बाय बसते.

गेल्या मे महिन्यात तिचा मुलगा रिचर्ड वसईहून आला. छपरावर पाला, अंगणात कुजलेले फणस. तो वैतागला.

"माय, हेच्याखाली गवत पण येणा नाय. नाताळाक इलंय काय तोडून टाकूया."

"आणि रंग इलो तर?"

"खंयचो रंग?"

"हयसर. झाडाखाली."

रिचर्ड हसला. "इलो तर ऱ्हवांदे तुझा झाड."

तो गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाय शिंपल्यांची टोपली घेऊन अंगणात. तासातासाला ऊन जिथे पडेल तिथे खुणेला एकेक शिंपला ठेवत होती. संध्याकाळी बघितलं तर बहुतेक शिंपले उत्तरेच्या बाजूला.

मी म्हटलं, "बाय, ह्या मे म्हयन्याचा ऊन. सूर्य सरकता."

"तू दगडाचो माणूस. झाडांतला तुका काय कळता रे?"

मी तसाच घरी गेलो. ती माझी चूक. खाणीत आम्ही चिऱ्यांच्या भिंतीच्या सावलीत जेवायला बसायचो. मे महिन्यातली बसायची जागा डिसेंबरात उन्हात असायची. हे सांगायला हवं होतं.

कणकवलीच्या नर्सरीत मी बरोबर गेलो. बायने एकाही झाडाचं नाव विचारलं नाही.

"माका तांबोशी होयी," ती म्हणाली.

नर्सरीतली तेजस्वी बघतच राहिली. "आजी, मासळीबाजार पलीकडे."

"तांबोशीचो रंग गो! लाल."

तेजस्वीने तांबड्या पानांचं कोलियस आणलं. मग रुपेरी-जांभळ्या पट्ट्यांची, जमिनीवर पसरणारी वेल. बाय म्हणाली, "हो पेडवो." तोही मासाच. अबोली घेतली. शेवटी पिवळ्या ठिपक्यांचे आठ क्रोटन. आंतोनने सांगितलेल्या खडकातल्या माशाचे असेच ठिपके होते म्हणे. तेजस्वीने बजावलं, क्रोटनला ऊन लागतं, कोलियसला सावली. बाय म्हणाली, "माजे शिंपले आसत."

गुलाबी पानाचं कोलियस मात्र नर्सरीत नव्हतं. ते ओरोसला एका सरकारी क्वार्टरच्या कुंपणात दिसलं. मागून आणलेली फांदी धरत नाही, चोरलेलीच धरते, असं बाय मानते. मी छत्री उघडून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. मागे कट्ट असा आवाज आला. बसमध्ये बायच्या पिशवीतून गुलाबी टोक बाहेर डोकावत होतं.

फणसाभोवती गोल वाफा केला. मुळं वरच असतात, म्हणून टिकाव घेतला नाही, खुरपं घेतलं. अंगठ्यापेक्षा जाड मूळ तोडायचं नाही. नऊ दिवस लागले, बावीस टोपल्या शेणखत. क्रोटन उत्तरेला, शिंपल्यांच्या जागी. कोलियस दक्षिणेला.

पावसाळाभर वाफा झोपेत वाढल्यासारखा वाढला. ढगांखाली सगळं हिरवट, ओलं. मधे तांबडं पान हलायचं आणि मला खरंच काहीतरी पोहत गेल्यासारखं वाटायचं. मी असा विचार करणारा माणूस नाही. पण वाटायचं.

दिवाळीनंतर ऊन दक्षिणेला सरकलं. कोलियसची पानं कडेने करपली. उत्तरेला दाट सावली आली, क्रोटनचे ठिपके विझले. नुसती हिरवी पानं. बाय खुर्चीत बसून होती, शिंपले मांडीवर.

"लवू, रिचर्ड महिन्याभरात येतलो."

"खाणीत आमी बसूची जागा बदलूव," मी म्हटलं. "हेंची पण बदलूया."

पण मे महिन्यात परत उलटं होणार. झाड वर्षात दोनदा उपटलं तर मरतं. म्हणून मातीच्या कुंड्या आणल्या. एकेक झाड मातीच्या गड्ड्यासकट काढलं, कुंडीत बसवलं, कुंडी काठापर्यंत पुरली. क्रोटन दक्षिणेला, कोलियस उत्तरेला. म्हणजे पुढे नुसती कुंडी उचलायची. चार सकाळी गेल्या. घाई केली असती तर दोनच लागल्या असत्या, आणि निम्मी झाडं गेली असती.

बाय रोज पाणी घालायची आणि पुटपुटायची. ती प्रार्थना होती की शिव्या, मी विचारलं नाही.

नाताळच्या चार दिवस आधी रिचर्ड आला. दुसऱ्या सकाळी कसालचा करवतवाला जितेंद्र मशीन घेऊन हजर. त्याने फणसाभोवती एक फेरी मारली.

"फांदये खंय पाडू? चारी बाजूक झाडां लावलेली आसत."

रिचर्ड पुढे आला. नऊचं ऊन पानांतून उतरत होतं. दक्षिणेला क्रोटनवर नव्या पानांचे पिवळे ठिपके पेटले होते. पलीकडच्या अंधारात तांबडं आणि ते चोरलेलं गुलाबी. वाऱ्याने पानं हलली तसं सगळं एकदम तरंगलं.

बाय खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती.

रिचर्ड उकिडवा बसला. रुपेरी-जांभळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"माय, हो पेडवो मा? पप्पा सांगायचे तो?"

"होय."

"आणि हो गुलाबी खंयचो?"

"तो ओरोसचो," मी म्हटलं.

बाय एवढी हसली की खाली बसली.

जितेंद्र चहा पिऊन गेला. रिचर्ड दुपारभर खुर्चीत मान मागे टाकून पडला होता, बापासारखाच. एक क्रोटन अजून हिरवाच आहे. तो मी वीतभर आणखी उन्हात सरकवला.