डब्यावरचा रवा

सातवीचं विज्ञान मी दोनदा शिकले. पहिल्यांदा शाळेत, इंग्रजीतून. दुसऱ्यांदा गेल्या मार्चमध्ये, डोंबिवलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, आईला विद्यार्थिनी करून.

शीळफाट्याच्या रस्त्यावर एक कोचिंग क्लास आहे. तिथल्या विज्ञानाच्या शिक्षिका लग्न होऊन नाशिकला गेल्या आणि मुलांची वार्षिक परीक्षा तोंडावर आली. क्लास चालवणाऱ्या बाई आईबरोबर सकाळी योगाला जातात. त्यांनी आईला सांगितलं, "मुलीला शनिवारी पाठव. अर्धा तास उजळणी घेऊ दे. मग बघू."

मला ही नोकरी हवी होती. किती हवी होती, ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बीएस्सी झाल्यापासून मी एका ऑनलाइन कंपनीसाठी मुलांच्या शंकांची उत्तरं टाइप करत होते. तोंड उघडावं लागत नसल्यामुळे ते काम मला मानवलेलं. पण मुलं 'थँक यू' टाइप करून निघून जायची आणि त्यांना खरंच समजलं की नाही, हे मला कधी दिसायचं नाही. समजतानाचा चेहरा कसा असतो ते मला बघायचं होतं. ते नाही जमलं तर ठाण्याला बाबांच्या मित्राच्या ऑफिसात एक खुर्ची माझी वाट बघत होती. शनिवारी क्लासने नाही म्हटलं की सोमवारपासून तिकडे जायचं, असं बाबांनी परस्पर कबूल करून टाकलेलं.

अडचण होती आवाजाची. शाळेत मी 'प्रेझेंट' म्हणायचे आणि माझी गैरहजेरी लागायची. अजूनही शेअर रिक्षात चौकापासूनच "इथेच थांबवा" म्हणायला सुरुवात करते, तरी गल्लीपाशी रिक्षा थांबत नाही. पुढच्या माणसाच्या स्टॉपवर मी त्याच्याबरोबर उतरते आणि मागे चालत येते.

दुसरी अडचण मराठी शब्दांची. क्लासमधली मुलं आजूबाजूच्या आगरी गावांतली, म्हणजे सगळं मराठीतून शिकवावं लागणार, असं मी धरून चालले. मला बाष्पीभवनापर्यंत येत होतं. पुढचं आईने करून घेतलं.

"वहन, अभिसरण, प्रारण," आई कांदा चिरता चिरता म्हणाली. "उष्णतेच्या संक्रमणाचे तीन प्रकार. झोपेतून उठवून विचार."

"अभिसरण म्हणजे नक्की काय होतं?"

"ते तुम्ही सांगायचं. टीचर तुम्ही आहात."

मी पातेल्यात पाणी तापत ठेवलं, चहाची पूड टाकली आणि खालचं गरम पाणी वर कसं येतं, वरचं खाली कसं जातं, ते सांगायला लागले. आई पातेल्यात वाकून बघत राहिली. "अगं बाई, खरंच की," ती म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं नुसती साखर टाकत होते." तिचा तो चेहरा मी बघितला. मला तसलाच हवा होता.

बाबा हॉलमध्ये सोफ्यावर आडवे झालेले. ते शेवटच्या बाकावरचे विद्यार्थी. "टीचर, ऐकू येत नाही!"

"अहो, तिला शिकवू द्या ना."

"मागच्या बाकावरची मुलं गप्प बसतात का? टीचर, पाणी प्यायला जाऊ?"

अमीबाच्या वेळी तर आईनेच गोंधळ घातला. अमीबाला तोंड नसतं, म्हटल्यावर ती म्हणाली, "मग त्याला भूक लागलीय हे कळतं कसं?" बाबा हॉलमधून म्हणाले, "तो ओरडत नाही. अगदी आपल्या टीचरसारखा."

हसले मी पण. रात्रीपर्यंत मात्र ते वाक्य डोक्यात राहिलं.

ध्वनीच्या धड्यासाठी मी एक प्रयोग ठरवला होता. फुगा कापून रिकाम्या डब्याच्या तोंडावर ताणून बसवायचा, वर चिमूटभर रवा पसरायचा आणि जवळ तोंड नेऊन जोरात बोलायचं. हवेची कंपनं रबरावर पोचतात आणि रवा उड्या मारतो. मी वाकून 'आ' म्हटलं. रवा ढिम्म. पुन्हा म्हटलं. आईही वाकली. आम्ही दोघी रव्याकडे बघत होतो आणि रवा आमच्याकडे.

"दे इकडे," म्हणत आईने तोंड जवळ नेलं. "अहो! दूध आणलंत का?"

रवा टणाटण उडाला. बाबा चप्पल घालून बाहेर पडले.

मी ध्वनीचा धडा यादीतून काढून टाकला. उष्णता घ्यायचं ठरवलं. उष्णतेला आवाज लागत नाही.

शनिवारी दुपारी क्लासला पोचले तर समोरच्या तीन मजली बंगल्याला मांडव घातलेला. दारात केळीचे खांब, गल्लीत टेम्पो, आणि चार माणसं कपाटाएवढे स्पीकर एकावर एक रचत होती. माझ्या नीट लक्षात आलं नाही. मी जिन्यात 'वहन, अभिसरण, प्रारण' म्हणत होते.

वर्गात वीसेक मुलं होती. क्लासच्या बाई मागे भिंतीला टेकून बसल्या. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले आणि बोलायला लागले. पहिल्या बाकावरच्या मुलींनी माना पुढे केल्या, तिसऱ्या बाकाने एकमेकांकडे बघितलं. बाईंनी हाताने खूण केली, जरा मोठ्याने.

"अभिसरण म्हणजे..."

"काय सरण?" मागून कुणीतरी म्हणालं.

पुढे बसलेल्या मुलीला माझी दया आली असावी. तिच्या दोन्ही गालांना हळद लागलेली होती. "टीचर, आम्ही सेमी इंग्लिशचे. सायन्स इंग्लिशमधी असतं. कन्व्हेक्शन बोला ना."

आठवडाभराचं पाठांतर पाण्यात गेलं. मला हसूच आलं. आता सगळं सोपं होणार, असं वाटलं आणि त्याच क्षणी समोरचे स्पीकर सुरू झाले.

आमच्या भागात हळदीच्या डीजेचा आवाज कानांनी ऐकायचा नसतोच, तो छातीत वाजतो. खिडकीच्या काचा थरथरल्या. खडू टेबलावरून चालत चालत खाली पडला.

"टीचर, आमचे दादाची हलद हाय आज!" गालाला हळद लागलेली मुलगी ओरडली. "साउंड चेक करतान!"

बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. काही फरक नाही. त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, तेही कळलं नाही. बाईंचा आवाज आईच्या योगाच्या मैदानावर या टोकापासून त्या टोकाला जातो, आणि इथे नुसते ओठ हलताना दिसत होते. मला जरा बरं वाटलं. आता वर्गात कुणाचाच आवाज पोचत नव्हता. फक्त माझाच पोचत नाही, असं नव्हतं.

पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला, तर हाताला डबा लागला. मी ठेवला नव्हता. आईने ठेवला असणार, रव्याच्या पुडीसकट.

मी डबा टेबलावर ठेवला, रवा पसरला आणि मुलांना हाताने बोलावलं. बाक सरकवत सगळी आली. ढोल वाजला की रवा उसळत होता आणि मध्ये नुसता बासरीचा तुकडा आला की पसरून बसत होता. मुलं डब्याकडे बघत होती आणि मी मुलांकडे. मी एकेकाचा तळवा धरून बाकावर, काचेवर, मग त्याच्या स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि बोलायची खूण केली. एका मुलाने गळ्याला हात लावून 'आई' म्हटलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. अगदी पातेल्यात बघणाऱ्या आईसारखे.

मग मला विचारायचंच होतं. मी डब्यावर वाकले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "सगळीकडे काय सेम आहे?"

'सगळीकडे' म्हटलं आणि गाणं बंद झालं. उरलेलं वाक्य एकटंच शांत वर्गात घुमलं. कोण बोललं ते बघायला मी मागे वळून पाहिलं. तेवढ्यात मुलं किंचाळली, "टीचर, तुमच्या आवाजानी पन नाचला!"

फुग्यावरचा रवा एका बाजूला जाऊन पडला होता.

"व्हायब्रेशन!" गालाला हळद लागलेली म्हणाली. "सगलीकडे व्हायब्रेशन हाय!"

"परत बोला ना, टीचर."

मी परत बोलले. मग प्रत्येकाला बोलायचं होतं. समोरून "हॅलो, चेक, माइक चेक" आलं, तर अख्ख्या वर्गाने खिडकीकडे तोंड करून "चेक!" म्हणून उत्तर दिलं. मीही दिलं.

मुलं गेल्यावर बाईंनी टेबलावरचा सांडलेला रवा हाताने गोळा केला. "उष्णता राहिलीच," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. माझा घसा बसला होता.

"मग सोमवारी घ्या. आणि येताना मुंग्यांची पावडर पण आणा."

खाली मांडवात थांबवून त्या मुलीने माझ्या हातावर लाडू ठेवला आणि संध्याकाळच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. मी शेअर रिक्षात बसले. बाबांना त्यांच्या मित्राला काय कळवायला सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होते. चौक आला तसं मी म्हटलं, "इथेच थांबवा."

रिक्षावाल्याने दचकून असा ब्रेक मारला की शेजारच्या आजींची पिशवी माझ्या मांडीवर आली. माझी गल्ली अजून बरीच पुढे होती. पण आता थांबवलीच आहे म्हटल्यावर मी उतरले आणि लाडू खात चालत घरी गेले.