इटलीत पुरलेले आजोबा

माझ्या आजोबांना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीही कधी पाहिलं नाही. आबा आजीच्या पोटात असताना आजोबा फौजेत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात बोटीने कुठेतरी पाठवले गेले. त्याआधी ते चौसाळ्याच्या बाजूच्या माळावर मेंढरं राखत. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता.

ते परत आले नाहीत, आणि मेल्याचा कागदही आला नाही. गावाने आपल्या परीने अर्थ लावला, तिकडे गोरी बाई केली आणि तिकडेच राहिला. लहानपणी भांडण झालं की पोरं आबांच्या तोंडावर फेकत, "तुजा बाप मडमीसंगं हाय बे!"

आजीने मात्र कुंकू पुसलं नाही. बाया कुजबुजायच्या, तेव्हा ती म्हणायची, "मेला म्हणून मला कुणी सांगितलंय का? मंग कावून पुसू?" ती गेली तेव्हा हिरवं लुगडं नेसवून सवाष्ण म्हणूनच तिला नेलं. पुढे दरवर्षी पितृपक्षात आबा तिचं श्राद्ध अविधवा नवमीला घालत. नवऱ्याआधी गेलेल्या बाईची ती तिथी.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला इंटरनेटवर परदेशात पुरलेल्या सैनिकांची यादी सापडली. आजोबांचं नाव वेडंवाकडं लिहिलेलं होतं, पण पणजोबांचं नाव जुळलं, जिल्हा जुळला. गावाचं नाव आमचंच, पण तालुका दुसरा. त्या नावाचं गाव तिकडेही आहे. बातमी निघाली असेल तर तिकडेच गेली असेल.

पुढच्या उन्हाळ्यात मुलगी नोकरीच्या कामाने इटलीला गेली. सुटीच्या दिवशी बसने त्या दफनभूमीत पोचली आणि तिथून तिने व्हिडिओ कॉल लावला. इकडे दुपार होती. ओसरीवर आबांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"आबा, हा बघा दगड. वय बावीस लिहिलंय."

"बावीस? तू किती वर्षांची हायेस गं?"

"अठ्ठावीस."

आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी विचारलं, "पुरलं का त्याला? जाळलं न्हाई?"

"पुरलंय, आबा."

"कवा?"

तिने तारीख वाचली. मी बोटांवर महिने मोजले. त्या दिवशी आबा आठ महिन्यांचे होते.

"म्हंजी माय..." एवढंच म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले.

भाद्रपदात भटजी म्हणाले, आता आईची तिथी बदलावी लागेल. आबा कधी कुणावर ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले, "तिला कुणी सांगितलं न्हवतं! नवमीच ऱ्हाऊ द्या!"

नवमीला आजीचं पान वाढलं आणि सर्वपित्रीला, पहिल्यांदाच, आजोबांचं. आबांनी नैवेद्य दाखवला, पण स्वतः घास घेईनात. "बाप म्हणून हाक तर मारावी," ते म्हणाले, "पर बावीस वर्षांच्या पोराला काय हाक मारू?"

चार दिवसांनी ते मला म्हणाले, "लेकीनं धाडलेला तो दगडाचा फोटो फोनात उघडून दे. पारावर जातो."

त्यांचे गुडघे धड नव्हते, म्हणून मीही सोबत गेले. पारावर तीन-चार कॉलेजची पोरं मोबाइल बघत बसली होती. आबांनी फोन पुढे केला. "माझा बाप. लढाईत मेला. हितं लिवलंय."

"भारी हाय की आबा! फॉरेनला हाय का?" एकाने फोटो मोठा करून बघितला आणि फोन परत दिला. पोरं पुन्हा आपापल्या मोबाइलमध्ये गेली.

आबा तिथेच उभे राहिले. वर्गातल्या, भांडणातल्या पोरांची, आजीला बोल लावणाऱ्या घरांतल्यांची नावं त्यांनी एकेक करून घेतली आणि विचारलं, "हाय का कुणी?"

कुणीच नव्हतं. शेवटचा त्या पावसाळ्यातच गेला होता.

"चल," आबा म्हणाले, आणि फोन बंद कसा करायचा ते त्यांनी मला विचारलं.