पहिल्या सभेचं इतिवृत्त

आमच्या संघाच्या माजी चिटणिसांइतका नोंदी ठेवणारा माणूस कोकणात दुसरा झाला नाही, आणि त्यांना मी जवळून पाहिलं असल्यामुळे होऊही नये असं मला वाटतं. संघ म्हणजे विद्यार्थी कल्याण अधिकाऱ्यांचा. हा अधिकारी नेमकं काय करतो ते त्याच्या घरच्यांनाही नीट माहीत नसतं. वसतिगृहाच्या आमटीत पाणी जास्त झालं, शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला किंवा युवा महोत्सवातल्या नाटकाच्या दाढ्या एस.टी.त राहिल्या, की सगळे ज्याला शोधत सुटतात तो हा. अशा त्रासलेल्या लोकांनी एकत्र यावं म्हणून संघ निघाला आणि त्याची चिटणिशी या सरांकडे आली. निवृत्तीनंतर ती माझ्या गळ्यात पडली, पण इतिवृत्त लिहिण्याची त्यांची सवय काही सुटली नाही.

त्यांच्या इतिवृत्तातून काही म्हणजे काही निसटत नसे. 'एका सदस्यांना डुलकी लागली, सबब त्यांचा ठरावास विरोध नाही असे समजण्यात आले,' हे वाक्य मी स्वतः वाचलेलं आहे, कारण तो सदस्य मीच होतो. मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हाही ते कोपऱ्यात बसून लिहीत होते आणि निघताना त्यांनी सगळ्यांना ते वाचून दाखवलं. मुलाच्या आत्यानं तिसरा लाडू मागून घेतला, हेही त्यात होतं. वहिनी स्वयंपाकघरात कपाळाला हात लावून बसल्या. मुलाचे वडील कोर्टात कारकून होते म्हणून ते लग्न झालं. इतकं स्वच्छ काम आपण पाहिलं नाही, असं ते अजून सांगतात. गणपूर्तीच्या बाबतीत तर सर कुणाच्या बापाचं ऐकत नसत. एकदा सात जण हवे होते आणि आम्ही सहाच जमलो. सरांनी सभा तहकूब केली. तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरते आणि तिला गणपूर्ती लागत नाही, म्हणून आम्ही मुकाट्यानं बसून राहिलो. एकोणतिसाव्या मिनिटाला सातवा धापा टाकत आला, तर त्याला एक मिनिट दाराबाहेर उभं केलं.

यंदा कार्यकारिणीनं संघाचा इतिहास छापायचं ठरवलं आणि तो लिहायला सरांशिवाय होतं कोण? त्यांनी दोन महिन्यांत सगळा मजकूर तयार केला. संघाचा जन्म राजापूरच्या एस.टी. स्टँडवर झाला. एका महोत्सवाहून परतताना सात महाविद्यालयांच्या सात अधिकाऱ्यांनी आपापली मुलं तीनतीनदा मोजून बसमध्ये बसवली, आणि आपल्यापैकी कुणी तरी मुलांबरोबर आहेच अशा समजुतीनं सातही जण चहा प्यायला गेले. बसगाड्या निघून गेल्या. मुलं सुखरूप घरी पोचली, अधिकारी चार तास स्टँडवर. तिथेच एका ट्रंकेवर बसलेल्या सर्वांत वडील गृहस्थांच्या अध्यक्षतेखाली पहिली सभा झाली. हे प्रकरण वाचून मी पोट धरून हसलो आणि छापखान्यात फोन करायला उठलो, तर सरांनी वही काखेत मारली. पहिल्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम व्हायचं राहिलंय, म्हणाले, तोवर एक पानही छापायला जाणार नाही. जुनी वही काढून पाहिली. दुसऱ्या सभेत 'वेळेअभावी वाचन झाले नाही' अशी नोंद होती, त्यांच्याच अक्षरात. मी चाट पडलो. सरांना वाचायला वेळ मिळाला नाही?

त्या सातांपैकी आता दोघंच उरले होते, सर आणि पावसच्या बाई. बाई तेव्हा अधिकारी होत्याच, शिवाय मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरही होत्या. पहिल्या सभेनंतर त्या संघात फिरकल्या नव्हत्या. वाचन त्यांच्यासमोरच व्हायला हवं, म्हणून मी सरांना गाडीत घातलं आणि आमच्या रत्नागिरीहून पावसला नेलं. आंब्याचे दिवस होते. बाई ओटीवर आंबे निवडत बसल्या होत्या. सरांना ओळखायला त्यांना एक क्षण लागला, मग म्हणाल्या, "बसा हो. उभे काय?"

सरांनी उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली. ट्रंक, चहा, चार तास, सगळं आलं. ऐकता ऐकता बाई डोळे पुसून हसत होत्या. वाचन संपलं तसं त्यांनी विचारलं, "आणि माझी सूचना?"

सूचना मला पहिल्यांदाच कळली. दर सभेला एक विद्यार्थी बोलावून आपल्यात बसवावा, ज्यांचं कल्याण करायचं त्यांना एकदा विचारावं तरी, असं बाई त्या दिवशी म्हणाल्या होत्या. अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे लिहू नका, असं ते सरांच्या कानात पुटपुटले, आणि नवख्या चिटणिसानं लिहिलं नाही.

"तेव्हाच वहीत डोकावले, तर ती नव्हती. मला वाटलं, तुम्ही विसरलात," बाई म्हणाल्या. "विसरलेल्या माणसाशी काय भांडायचं? म्हणून आलेच नाही."

"विसरलो नव्हतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "घाबरलो होतो."

बाईंनी हातातला आंबा टोपलीत ठेवला. मला वाटलं, आता आम्हाला जा म्हणतील.

"मग लिहा आता," त्या म्हणाल्या.

त्या सावकाश सांगत गेल्या आणि सर लिहीत गेले. अक्षर तेच, जुन्या वहीतलं. बाईंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली, खाली सही केली आणि आम्हाला आंबे कापून दिले. मला भरून आलं होतं, तरी मी चार खाल्ले.

इतिहास छापून झाला. पहिली प्रत घेऊन सर मला न सांगता एस.टी.नं पावसला गेले. आता दर शनिवारी जातात आणि अंधार पडायच्या आत परततात. काय बोलता एवढं, असं मी एकदा विचारलं, तर असंच काहीबाही, म्हणाले आणि लाजल्यासारखे हसले. त्यांना असं हसताना पाहिलं की बरं वाटतं, आणि मग मधल्या सगळ्या वर्षांची हळहळ वाटते. रत्नागिरीहून पावस काही लांब नाही. पाऊण तासात गाडी जाते.