कुशनवाल्यांचं काळीज

जुने सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा उसवून नव्याने भरून देणं हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना कुशनवाले म्हणत. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणे. दुकान म्हणजे एक लांबट खोली, एका भिंतीला फोमचे तुकडे, दुसरीला रेक्झिनच्या गुंडाळ्या. कुशनवाल्यांना खिळे ओठांत धरून काम करायची सवय होती, त्यामुळे बोलणं आपसूकच कमी. गिऱ्हाईक आलं की ते मानेनेच ‘बसा’ म्हणत, आणि बसायला दुकानात एकही धड खुर्ची नसे.

त्यांच्या या मुकेपणापुढे बायकोने हात टेकले होते. लेक नोकरीसाठी दूर निघाली त्या दिवशी आईच्या डोळ्यांना धार लागलेली, आणि हे आपले दाभण घेऊन तिच्या बॅगेची उसवलेली मूठ शिवत बसले होते.

“उलट्या काळजाचे आहात तुम्ही,” बायको म्हणाली. हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. कुशनवाल्यांनी दोरा तोडला, मूठ दोनदा ओढून पाहिली आणि बॅग लेकीच्या हातात दिली.

त्यानंतर वर्षभराने एका दुपारी दुकानातच त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीभोवती. रिकाम्या पोटी चहा झाला असेल, असं म्हणून त्यांनी ते अंगावर काढलं. संध्याकाळपर्यंत दुखणं खाली, डाव्या बाजूला सरकलं. सकाळी त्यांना सरळ उभं राहवेना, अंगात तापही होता. बायको त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी ओटीपोट उजवीकडे दाबलं, तर काही नाही. डावीकडे बोट टेकवलं मात्र, कुशनवाल्यांचा श्वासच अडकला.

“अपेंडिक्स असतं तर उजवीकडे दुखलं असतं,” डॉक्टर म्हणाले. “मुतखडा असू शकेल. पण वाट बघू नका, मोठ्या दवाखान्यात जा.”

तिथे एका तरुण डॉक्टरने त्यांच्या छातीवर नळी टेकवली. ऐकलं, नळी काढून बोटाने टिचकी मारून पाहिली, पुन्हा ऐकलं.

“काका, श्वास घ्या.”

“घेतोय.”

डॉक्टरने नळी हळूहळू उजवीकडे सरकवत नेली आणि तिथेच थांबला. मग त्यांना एक्स-रेला पाठवलं. एक्स-रे काढणाऱ्या बाईने फोटो पाहिला, स्वतःशीच पुटपुटली आणि डावं-उजवं नीट तपासून पुन्हा काढला. तोही तसाच निघाला. सोनोग्राफीच्या खोलीत तर एकाचे चार डॉक्टर झाले. पडद्याकडे बोटं दाखवून सगळे हलक्या आवाजात बोलत होते. इतकी माणसं गोळा झाली म्हणजे आपलं काही खरं नाही, असं कुशनवाल्यांना वाटलं.

शेवटी पिकल्या केसांच्या सर्जनबाई आल्या. स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या.

“घाबरू नका,” त्या म्हणाल्या. “बहुतेकांचं हृदय छातीत जरासं डावीकडे झुकलेलं असतं. तुमचं उजवीकडे आहे. यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं, तुमचं डाव्या. जठर आणि प्लीहा डावीकडे असतात, तुमच्याकडे उजवीकडे. आणि अपेंडिक्स म्हणजे आतड्याचं एक छोटं शेपूट, ते तुमचं डावीकडे आहे. तेच सुजलंय, काढावं लागेल.”

कुशनवाल्यांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. “म्हणजे मला उलटा भरलाय.”

“उलटा नाही हो. आरशात दिसतो तसा. सगळ्या जोडण्या जिथल्या तिथे बरोबर आहेत. नाहीतर इतकी वर्षं कुरकुर न करता चाललं असतं का?”

जोडण्या बरोबर आहेत हे ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी त्यांच्या परीने महत्त्वाचं ते विचारलं. “उघडणार कसं?”

सर्जनबाईंना हा प्रश्न आवडला असावा. त्यांनी सावकाश सांगितलं. आधी कातडी, तिच्याखाली चरबीचा थर. मग स्नायू, ते शक्यतो कापायचे नाहीत, धाग्यांच्या दिशेने बाजूला सारायचे. त्याच्या आत पोटाचं पातळ अस्तर.

“आणि मिटताना?”

“एकेक थर वेगळा शिवायचा.”

“बरोबर,” कुशनवाले म्हणाले. “एकदम शिवलं की फुगवटा येतो.”

बाहेर बाकावर बायको बसली होती. तरुण डॉक्टरने तिला सगळं समजावून सांगितलं. तिने विचारलं, “हृदय म्हणजे काळीजच ना?”

“हो, तेच.”

“उलट्या बाजूला?”

“हो.”

ती म्हणाली, “मी घरात कधीपासून हेच सांगतेय. माझं ऐकतंय कोण?” डॉक्टरला हसावं की नाही ते कळेना. तिने मात्र तोंडाला पदर लावला, आणि ते हसू होतं की रडू हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या उशाशी बसली होती.

“अहो, मी ते वाक्य सारखं बोलत आले. तुम्हाला लागलं असेल.”

“खोटं कुठे बोलत होतीस?”

दोघंही हसली आणि कुशनवाल्यांच्या टाक्यांत कळ उठली. मग ती पांघरुणाची कड सारखी करत म्हणाली, “लग्नानंतर सुरुवातीला तुम्ही झोपलात की मी छातीला कान लावून बघायची. इकडे, डावीकडे. काही धड ऐकूच यायचं नाही. म्हटलं, माणूसच असा आहे, आतूनही बोलत नाही.”

कुशनवाल्यांनी तिचा हात धरला, उचलून आपल्या छातीवर उजवीकडे ठेवला आणि डोळे मिटले. लेक दुपारच्या गाडीने येऊन दारात उभी राहिली, तेव्हाही हात तिथेच होता.

लेकीने आल्या आल्या स्वतःचाही एक्स-रे काढून घेतला. तिचं सगळं चारचौघांसारखं निघालं. “बरं झालं,” कुशनवाले म्हणाले, पण त्यांचा चेहरा किंचित उतरला, आणि तो पाहून लेकीला हसू आवरेना.

ते पूर्ण बरे झाल्यावर सर्जनबाईंनी निरोप पाठवला: शिकाऊ डॉक्टरांकडून तपासून घ्यायला याल का? कुशनवाले आधी नाहीच म्हणाले. उघड्या अंगाने पोरांपुढे पडून राहायचं म्हणजे काय? पण बाईंनी आपले टाके इतके सफाईने घातलेत, त्यांना नाही कसं म्हणायचं, हा विचार त्यांचा पिच्छा सोडेना. शेवटी ते गेले.

“काही सांगायचं नाही हं,” बाईंनी बजावलं. तोंड बंद ठेवणं त्यांना काय अवघड होतं.

पहिल्या दोघांनी डावीकडे नळी ठेवली, मान डोलावली आणि ठोके व्यवस्थित असल्याचं सांगितलं. तिसरी मुलगी बारीक चणीची होती. ती बराच वेळ ऐकत राहिली. तिच्या कपाळावर घाम आला. आपलंच काही चुकतंय असं वाटून ती कानशिलापर्यंत लाल झाली. कुशनवाल्यांना वाटलं, हिला नुसतं डोळ्याने खुणवावं. पण शब्द दिलेला. त्यांनी फक्त श्वास सावकाश केला.

“मॅडम, मला इथे फार लांबून आल्यासारखं ऐकू येतंय,” मुलगी शेवटी म्हणाली.

“मग जवळून कुठे येतं ते शोध.”

ती शोधत गेली. उजव्या बाजूला पोचल्यावर तिने चमकून कुशनवाल्यांकडे पाहिलं, आणि ते पहिल्यांदाच गालात हसले. मग पहिल्या दोघांनीही पुन्हा ऐकलं. यकृत कुठे लागतं ते प्रत्येकाने बोटांनी चाचपून पाहिलं.

“तुम्हाला कधी काही वेगळं जाणवलं नाही का?” मुलीने विचारलं.

कुशनवाल्यांनी विचार केला. “ताडून बघायला दुसरं शरीर कुठे होतं माझ्याकडे?”

बायको बाहेर वाट बघत होती. परतीच्या बसमध्ये ते बाईंनी पोरांना शिकवलेलं तिला सांगू लागले. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात आणि डाव्याचे दोन, आपलं तिथेही उलटं. मूत्रपिंडं पार मागे पाठीकडे असतात. स्नायू हाडाला चिकटतो तिथे त्याची पांढरी चिवट दोरी होते. ती मधे एक शब्दही बोलली नाही. त्यांचा थांबा आला तो तिने पाहिला, पण त्यांचं बोलणं तोडलं नाही. दोघं पुढच्या थांब्यावर उतरली आणि बोलत बोलत चालत मागे आली.