राहीबाईचं सोंग

खारबावच्या तुळशीरामदादांनी आयुष्यात दोनच कामं जीव ओतून केली. एक भातशेती आणि दुसरं शिमग्याला बाईचं सोंग. शेतावर आता गोदामं उभी आहेत, तिचं काय बोलायचं! पण सोंग? अहो, दादा लुगडं नेसून, आडवं कुंकू लावून पोस्त, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागायला निघाले की अख्खी आळी दारात यायची. चाल बाईची, ठसका बाईचा, शिव्यासुद्धा बाईच्याच. लुगडं बायकोचं, राहीबाईचं आणि नक्कलही तिचीच. ती तोंडाला पदर लावून हसायची आणि म्हणायची, "मेल्या, मी अशी चालतंय क?"

राहीबाई गेली आणि सोंग बंद झालं. छातीतली गाठ तिनं कुणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. "सारा जन्म बाई होऊन नाचलो आन् घरच्या बाईचं दुखनं कललं न्हाय," असं दादा एकदा बोलले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, दुसऱ्या कुणाला काढू दिला नाही.

यंदा त्यांच्या पोराच्या, प्रितेशच्या डोक्यात एक खूळ शिरलं. खूळ चांगलं होतं, उगाच नावं कशाला ठेवा. तालुक्यात आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थांना पैसा उभा करून द्यायचा. त्यासाठी त्यानं आणि त्याच्या गोदामवाल्या दोस्तांनी रस्त्यालगतचं लग्नाचं लॉन घेतलं आणि वेशभूषेची पार्टी ठरवली. तिकीट काढा, सोंग घ्या, जेवा, नाचा. एका संस्थेची बायकांच्या तपासणीची गाडीही फाटकाशी उभी राहणार होती. ज्या बाईला तपासून घ्यायचं असेल तिनं खुशाल घ्यावं.

"दादा, तुमीपन सोंग काढा ना," प्रितेश म्हणाला.

"मना न्हाय जमायचं. तो इषय संपला," दादा म्हणाले. प्रितेश तिकिटं मोजायला लागला. बापाचा हट्ट त्याला ठाऊक होता.

पण मग ती सकाळ आली. दादा ओट्यावर चहा पीत होते आणि सून भाविका दोरीवर कपडे वाळत घालत होती. एकाच हातानं. डावा हात तिनं अंगाशी धरून ठेवला होता, वर जातच नव्हता. दादांचा चहा बशीतच राहिला. राहीबाई शेवटच्या वर्षी अशीच कपडे वाळत घालायची आणि विचारलं की म्हणायची, "हात आखडलाय, तेल लावीन."

"हाताला काय झालंय?" दादांनी कसंबसं विचारलं.

"काय नाय दादा. आखडलाय जरा." भाविकानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत गेली.

आता बोलणार कोण आणि कसं? सासऱ्यानं सुनेला असलं काही विचारायची त्या घरात रीत नाही. ती तर त्यांच्यासमोर बसतसुद्धा नसे. प्रितेशला सांगावं, तर काय सांगावं? तुझ्या बायकोच्या अंगाकडे माझं लक्ष असतं म्हणून? शी शी! दादांना नुसत्या विचारानं घाम फुटला. नात्यातल्या बायकांना सांगावं, तर दुपारपर्यंत गावभर बोभाटा. बिचारे दोन दिवस भूत लागल्यासारखे फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उघडली आणि राहीबाईचं हिरवं लुगडं बाहेर काढलं.

पार्टीच्या संध्याकाळी लॉनवर मावळे होते, भुतं होती, दोन जलपऱ्या होत्या आणि एक जाडजूड यमराज चायनीजच्या रांगेत उभा होता. भाविका हवालदारीण झाली होती, टोपी, दंडुका सगळं. आणि दादा आले! गुडघ्यापर्यंतचं लुगडं, नाकात नथ, आडवं कुंकू. म्हाताऱ्या बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. "अगो बाई, राहीच आली!" दादा पदर पसरून टेबलाटेबलावर पोस्त मागत फिरले. जो देणार नाही त्याला शिव्या, जो देईल त्याला जास्त शिव्या. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले होते. प्रितेशनं त्यांना ओढत नेऊन हातात माईक दिला.

माईक हातात आला आणि दादांचं हसू मावळलं. सुनेला बाजूला घेऊन बोलायची हिंमत त्यांना सोंगातही होत नव्हती. समोर ती सगळ्यांत बसली होती. आता नाही तर कधी?

"हसू नका," ते राहीबाईच्या आवाजात म्हणाले. "मी कशानं मेले माहीत हाय क? लाजंनं मेले. माज्या छातीत गाठ होती. नवऱ्याला बोल्ले न्हाय, सुनंला बोल्ले न्हाय. हात आखडलाय बोल्ले. ती गाडी बगा, फाटकाशी उभी हाय. आज सकालपास्नं तिच्यात एक बाई गेली न्हाय. लाजा, लाजा! माज्यासारख्या मरा!"

हसावं की काय करावं, कुणालाच कळेना. एक भूत हसलं आणि लगेच गप्प बसलं. "दादा, बस झालं," म्हणत प्रितेशनं माईक घेतला आणि गाणं लावायला सांगितलं. त्याचे कान लाल झाले होते.

दादा मांडवामागं, आचाऱ्यांच्या पातेल्यांपाशी जाऊन बसले. सगळं वाया गेलं असं त्यांना वाटलं. पोराची नाचक्की झाली, मेलेल्या बायकोची अब्रू चव्हाट्यावर आली आणि सून तर जागची हललीही नव्हती. असा राग त्यांना आयुष्यात स्वतःचा कधी आला नव्हता.

पाठीमागं बुटांचा आवाज आला. हवालदारीण. ती आली आणि चक्क त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही, लुगड्याच्या काठाकडेच पाहत राहिली.

"आय," ती म्हणाली, "माज्यापन हाय. डाव्या बाजूला."

सासरा असता तर उठून गेला असता. राहीबाई उठून गेली नसती. त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"दुखतंय क?"

"नाय. म्हनून तर कोनाला बोल्ले नाय. भ्या वाटतं, आय."

"वाटू दे. उठ. तशीच चल."

दोघी गाडीशी गेल्या. हो, दोघीच म्हणायचं. आतल्या डॉक्टरीणबाईंनी हवालदारणीला आत घेतलं आणि लुगड्यातल्या म्हाताऱ्याला हातानंच थांबा म्हणून खुणावलं. दार लागलं. आत काय निघणार होतं, देव जाणे. दादा पायरीला धरून उभे राहिले.

तेवढ्यात प्रितेश धावत आला. "दादा, काय हे! लोक काय बोलतील? आन् भाविका कुठंय?"

"आत हाय."

प्रितेशनं बंद दाराकडे पाहिलं, मग बापाकडे. त्याला हळूहळू उमगलं तसं त्याचं तोंड उतरत गेलं. दोन पावलं मागं सरून तो खुर्ची शोधू लागला.

"बसू नको. हितंच उभा ऱ्हा," तुळशीरामदादा म्हणाले. आवाज राहीबाईचाच होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माज्या येलंला दाराशी कोनी उभं न्हवतं."